कोकणातल्या दीड एकर वरकस जमिनीत फळझाडं लावून शेतकऱ्याचा आणि निसर्गाचा दोघांचा फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की लांज्याकडे दीड एकर वरकस, म्हणजे हलकी माळरानी जमीन आहे, उताराची, विहीर नाही, आणि तुम्ही स्वतः ठाण्याला. मी राजापूर तालुक्यात अशाच जमिनीत वीसेक वर्षं झाडं लावतोय. फायदा होतो, दोघांचाही. फक्त सगळा हापूस लावायचा बेत असेल तर पुढचं जरा सावकाश वाचा.

माझी पहिली चूक जेसीबी. ऐन, किंजळ, करवंदीच्या जाळ्या, सगळं एका दिवसात साफ केलं. रान मोकळं दिसलं की काम झाल्यासारखं वाटतं माणसाला! आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. मिरगाच्या पहिल्या मोठ्या सरींत जांभ्या दगडावरची वीतभर लाल माती वहाळात गेली. पुढच्या तुकड्यात फक्त खड्ड्यापुरती जागा केली, मोठी झाडं ठेवली, उताराला आडवे दगडांचे बांध घातले. पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, आळ्यात टाकला. तिथली कलमं आज जास्त जोमदार आहेत, आणि खालच्या शेजाऱ्याच्या मळ्यात माझी माती जात नाही. पर्यावरण म्हणून मला दिसतं ते एवढंच. रान तोडून काजूच काजू लावला, तर तो हिरवा दिसतो खरा, पण रान नव्हे.

दुसरी चूक कोकमाची. स्वस्त मिळाली म्हणून बियांपासूनची रोपं आणली. रातांब्यात, म्हणजे कोकमातच, नर आणि मादी झाड वेगळं असतं, आणि ते फुलल्याशिवाय कळत नाही. सात वर्षं उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहिलं, फुलं आली तेव्हा जवळपास निम्मी झाडं नर! तेव्हा मादी झाडाची कलमंच घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात आहे. दहा मादींमागे एखादा नर पुरतो. कलमासाठी काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची घेतली होती का, हे रोपवाटिकेत विचारा, नाहीतर झाड जमिनीलगत आडवं पसरतं.

हापूसबद्दल माझं मत गावात फारसं कुणाला पटत नाही. चव, नाव, भाव सगळं आहे, पण तो एक वर्ष भरभरून देतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. मोहोरावर तुडतुडे, थ्रिप्स या किडी, वर अवकाळी पाऊस. बिगरपाण्याच्या आणि ठाण्याहून सांभाळायच्या बागेला फवारण्यांचा खर्च झेपत नाही. मोहोर फुलला असताना फवारलंत तर परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात आणि फळधारणाच कमी होते, हे वेगळंच.

म्हणून तुमच्या जागेत मी काजू मुख्य ठेवीन, वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची कलमं, सात-सात मीटरवर. कोकम सावलीच्या, ओलाव्याच्या बाजूला. हापूस दहा मीटर अंतरावर, पाच-सहाच. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, फणस आणि जांभूळ. फणस विकला नाही तरी पावसाळ्यात घरी खपतो. या झाडांची कामं आणि पिकं वेगवेगळ्या वेळी येतात, त्यामुळे एखादं साल बुडालं तरी सगळंच बुडत नाही. मात्र कोकम पावसाच्या तोंडावर पिकतं, तेव्हा काढणीला माणूस नसेल तर ते झाडाखालीच कुजतं.

अनुदानासाठी राज्याची भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आहे. पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि झाडं जगली तरच पुढचा टप्पा. सातबारा सामायिक असेल तर आधी भावकीच्या संमतीचं बघा. माझं एक वर्ष त्यातच गेलं.

वणव्यासाठी थंडी सरताच बागेभोवती गवत कापून पट्टा मोकळा करा. कलमाच्या सांध्याची प्लास्टिकची पट्टी सोडायला विसरू नका, खोड आवळून मरतं. सांध्याखालून फुटलेले कोंब दर महिन्याला खुडा, नाहीतर वरचं कलम मरून खालचं बियांपासूनचं रायवळच वाढतं.

आता विहिरीचं. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतंच. एप्रिल-मेमध्ये गावी कोण असतं, ते पाणी कुठून आणि कसं आणणार, हे आधी ठरवा. हमखास पाणी घालणारं एकच माणूस असेल, तर या पावसात तीसपेक्षा जास्त कलमं लावू नका.