एवढ्याशा प्रोसिजरची एवढी भीती का वाटते?

"मॅडम, डॉक्टर म्हणतात दहा-पंधरा मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी. मग माझ्या डोळ्याला डोळा का लागत नाही?"

दापोलीत समुपदेशनाला बसायला लागल्यापासून हा प्रश्न इतक्या जणींनी विचारला आहे की समोरची बाई मांडीवरची फाइल पालथी घालून बसली की तो येणार हे मला कळतं. फाइल पालथी असते ती वरचं स्त्रीरोगतज्ज्ञाचं नाव कुणाला दिसू नये म्हणून. कुणाची पिशवी धुवायची असते, म्हणजे क्युरेटिंग. कुणाच्या पिशवीतला कोंब, म्हणजे पॉलिप, दुर्बिणीने काढायचा असतो, तर कुणाच्या पिशवीच्या तोंडाचा बारीक तुकडा तपासायला घ्यायचा असतो. पोटावर छेद नाही, टाके नाहीत. डॉक्टर याला छोटं काम म्हणतात आणि ते खरंच आहे. पण "छोटं आहे, घाबरू नका" एवढ्याने बाईची भीती जात नाही, ती भीतीबद्दल बोलायची थांबते. वर आणखी एक लाज चिकटते, की एवढ्याशालाही मी घाबरते.

या सगळ्याजणींसाठी एकीची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना सुमनताई म्हणू.

वय 46. केळशीच्या बाजूला सुपारी-नारळाची बाग, घरात सासूबाई, नवरा, धाकटे दीर-जाऊ, लग्नाची मुलगी. सात-आठ महिने पाळी बारा-बारा दिवस चालायची, मध्येच पुन्हा अंगावर जायचं. हिमोग्लोबिन आठवर आलेलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर जाड दिसलं. दुर्बिणीने आत बघून, क्युरेटिंग करून तुकडा तपासायला पाठवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोनदा तारीख मिळाली आणि दोनदा टळली. एकदा सासूबाईंचं बीपी वाढलं, एकदा गौरी-गणपती आले. फाइल घरात कुठे ठेवता, असं मी सहज विचारलं. म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात. तळाशी. तांदूळ मीच काढते ना, दुसऱ्या कुणाचा हात जात नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी तीन भित्या सांगितल्या. भूल दिल्यावर जाग आलीच नाही तर? रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला तर? तिसरी सांगताना त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "क्युरेटिंग म्हटलं की गावात एकच अर्थ होतो हो. घरात लग्नाची मुलगी आहे. या वयात आईनं मूल पाडलं, असं कुणाच्या तोंडी येताच कामा नये." ज्या र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, ते याच तालुक्यातल्या मुरूडच्या घरातले. शंभर वर्षं उलटली, तरी इथली बाई स्वतःच्या शरीरावरच्या उपचाराचं नाव कुजबुजत घेते. मला याचं फार वाईट वाटतं.

मी प्रत्येक भीतीला उत्तर दिलं. क्युरेटिंग फक्त गर्भपातासाठी नसतं, जास्त रक्तस्राव का होतो हे शोधायलाही करतात. चाळिशीनंतर पाळी बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात, हार्मोन्सचा चढउतार, कोंब, गाठ, थायरॉइड. पण तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही. अशा कामाला शिरेतून औषध देऊन थोडा वेळच झोपवतात आणि तेवढा वेळ भूल देणारे डॉक्टर उशाशी उभे असतात. सगळं बरोबर होतं. सुमनताई मान डोलवत होत्या. निघताना म्हणाल्या, "पटतंय हो मॅडम. पण पोटातला गोळा काही हलत नाही."

माहिती लागतेच, पण ती आधी दिली तर भीतीच्या वर जाऊन बसते, आत उतरत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी त्या दिवशी मी घाई केली.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत सांगते की प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो. मराठीत हा हट्ट ओळखायची एक सोय आहे, ती म्हणजे 'च'. जाग यायलाच हवी. रिपोर्ट चांगलाच यायला हवा. कुणाला कळताच कामा नये. माणूस बोलत असताना मी वहीत त्याच्या 'च'ला गोल करत जाते. दुसऱ्या भेटीत मी ते पान सुमनताईंपुढे ठेवलं. गोल मोजून त्या जरा हसल्या. पण हसू चटकन विरलं. म्हणाल्या, "च काढला तर मग उरतं काय? जाग आली तर आली?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचं तयार उत्तर मी दिलं नाही. दवाखान्यातून मिळालेला सूचनांचा कागद होता, तो त्यांना मोठ्याने वाचायला सांगितला. एकेक ओळ वाचायची, थांबायचं, पोटातला गोळा वाढला की कमी झाला ते सांगायचं. रात्रीपासून काही खायचं नाही. गोळा आहे तेवढाच. बरोबर घरचं माणूस आणायचं. तेवढाच. नेहमीच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगायची. तेवढाच. नखांचा रंग काढायचा. तेवढाच. दागिने आणि केसातली फुलं काढून...

तिथे त्यांचा आवाज गेला.

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड. ते त्या दिवशी मला जमलं, याचं समाधान मला आजही आहे. दोन-तीन मिनिटं गेली असतील. मग त्या म्हणाल्या, "काकी."

सुमनताई नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या थोरल्या काकीला मुंबईला नेलं होतं. एकत्र कुटुंब, काकीच्याच कुशीत वाढलेली ही मुलगी. एसटीच्या पायरीवर काकीनं केसातला अबोलीचा गजरा काढून हिच्या हातात दिला. म्हणाली, "तिथं फुलं चालत नाहीत गो." पाटल्या आदल्या रात्रीच काढून हिच्या आईकडे दिल्या होत्या. काकी परत आली नाही. मुलांना मोठ्यांनी एवढंच सांगितलं, की पिशवीचं ऑपरेशन होतं, भूल दिली, उठली नाही. त्यापुढे त्या घरात हा विषय निघाला नाही.

भीती कुठे जन्मली ते कळल्याशिवाय हट्ट सुटत नाही, असं आमची पद्धत मानत नाही. आम्ही जुनं फार उकरत नाही. पण इथे माझ्या लक्षात आलं की मी ज्या वाक्याशी वाद घालत होते, ते 46 वर्षांच्या बाईचं नव्हतंच. हातात गजरा धरून एसटीमागे बघत राहिलेल्या मुलीचं ते होतं, आणि त्या मुलीला आकडे सांगून काय उपयोग? तिला खरं काय घडलं ते कळायला हवं होतं.

मी विचारलं, "काकीला नेमकं काय झालं होतं, हे ठाऊक असलेलं कुणी आहे?"

"आई आहे. माहेरी."

पुढच्या भेटीपर्यंत त्यांच्याकडे एवढंच काम होतं. त्या आंजर्ल्याला आईकडे एक रात्र राहून आल्या. तिसऱ्या भेटीत खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, भूल दिलीच नव्हती."

काकीच्या दीड वर्षं अंगावर जात होतं. ती कुणाला बोलली नाही. रात्री सगळे झोपले की मागच्या पाटावर जाऊन कपडे धुवायची. पांढरी फटक पडली, वास यायला लागला, तेव्हा घरच्यांना कळलं. परळच्या हॉस्पिटलात तपासलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, फार पसरलेला, आता ऑपरेशन करून उपयोग नाही असं सांगितलं. दोन महिन्यांनी गिरगावात दिरांच्या खोलीत ती गेली. बाईच्या त्या जागेचा आजार मुलांना कसा सांगायचा, म्हणून मोठ्यांनी भुलेची गोष्ट रचली.

सुमनताई बराच वेळ टेबलाकडे बघत होत्या. मग स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, "ती कपडे पाटावर धुवायची. मी फाइल तांदळात ठेवते."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलेलं नाही. मी सुचवलं असतं तर ते इतकं खोल गेलंही नसतं. चाळीसएक वर्षं ज्या गोष्टीला त्या घाबरत होत्या, ती घडलीच नव्हती, आणि जे घडलं होतं ते त्यांच्या हातून पुन्हा घडत होतं. त्या संध्याकाळी त्यांनी फाइल डब्यातून काढून जेवताना पाटाशेजारी ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "मग काढूनच टाक की पिशवी, कटकट जाईल." हा सल्लाही गावोगाव मिळतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. तपासाआधी पिशवी काढायची भाषा कुणी केली, तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सुमनताईंनी सासूबाईंना शांतपणे सांगितलं, "आधी रिपोर्ट येऊ दे."

'च'चं काम मग सोपं झालं. "जाग यायलाच हवी" याच्या जागी मी एक लांबलचक वाक्य सुचवत होते, ते त्यांनी मध्येच तोडलं. "असं म्हणते ना मी, मला भीती वाटते नि मी जाणार." माझ्या वाक्यापेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. भीती गेल्यावर जायचं ठरवलं असतं, तर तिसरी तारीखही टळली असती.

माहिती आता आत उतरायला लागली. कॅलेंडरच्या पानामागे आम्ही डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले. भूल कोणती, कोण देणार, तुकडा कुठे पाठवणार, रिपोर्ट किती दिवसांनी, घरी गेल्यावर कोणत्या नंबरवर फोन करायचा. उपाशीपोटी म्हणजे काय, यावर बायका हमखास चुकतात. सकाळी उठून कपभर चहा घेतात आणि काही खाल्लं नाही म्हणून सांगतात. दुधाचा चहा खाण्यातच धरतात. पोटात अन्न असेल तर भुलेत ते उलटून श्वासनळीत जायचा धोका असतो, म्हणून पुढची तारीख देतात. नखांचा रंग काढायला सांगतात, कारण बोटाला लावायच्या चिमट्याने रक्तातला ऑक्सिजन बघायचा असतो. कारण कळलं की सूचनेची भीती वाटत नाही. मंगळसूत्राबद्दल मी मुद्दाम विचारलं, कुणाकडे देणार? त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. प्रोसिजरच्या दिवशी यजमानांनी ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून वरून पिन लावली आणि तास-दीड तास एक हात खिशावरून काढला नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. आत जाताना हात थरथरत होते. लांब श्वास सोडत त्या दहापासून उलटे आकडे मोजत होत्या. सातनंतरचं काही आठवत नाही.

बरं होण्याबद्दल आता जरा सविस्तर लिहिते, कारण इथे बायकांना सगळ्यात कमी सांगितलं जातं. पहिले चोवीस तास भुलेचा अंमल पुरता उतरलेला नसतो, म्हणून गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही, घरात एकटं राहायचं नाही. पाळीत येते तशी कळ एक-दोन दिवस येते. थोडं थोडं अंगावर जाणं काही दिवस, कधी दोन आठवडेही चालतं. आंघोळ करायला हरकत नाही, पण विहिरीत, समुद्रात उतरायचं नाही. पॅडच वापरायचं. शरीरसंबंध डॉक्टर सांगतील तेवढे दिवस टाळायचे, आणि हे नवऱ्यालाही आधी सांगून ठेवायचं. पुढची पाळी लवकर किंवा उशिरा येऊ शकते. केळं नको, मासे नकोत, आंबट नको, असली पथ्यं घरातल्या वडीलधाऱ्यांची असतात. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर पाळायची गरज नाही. मात्र तासाला एक असं सलग दोन तास पॅड पूर्ण भिजलं, ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, घाण वास यायला लागला, गोळी घेऊनही पोटातली कळ वाढत गेली किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच दवाखाना गाठायचा.

तिसऱ्या दिवशी सुमनताईंचा फोन आला. "सगळं नीट झालं. सासूबाई पेज देतायत, जाऊ हंड्याला हात लावू देत नाही. मग मला रडू का येतंय?" असे फोन मला नेहमी येतात. कित्येक आठवडे आवळून धरलेलं मन काम झालं की सैल पडतं, तेव्हा पाणी येतं. रडून घ्या, म्हटलं. पण असं दोन आठवड्यांपलीकडे चाललं, झोप-जेवण सुटलं, तर मला किंवा डॉक्टरांना कळवा.

प्रोसिजरपेक्षा रिपोर्टची वाट बघणं जड गेलं. त्यासाठी आम्ही संध्याकाळची साडेपाच ते पावणेसहा ही काळजीची वेळ ठरवली होती. दिवसभरात विचार आला की त्याला साडेपाचची वेळ द्यायची, आणि साडेपाचला पडवीत बसून मनापासून काळजी करायची. आठवड्याभराने रिपोर्ट आला. साधा कोंब होता, कॅन्सर नव्हता. रिपोर्ट चांगला आला म्हणून मी ही गोष्ट निवडलेली नाही. माझ्याकडे येणाऱ्या काहीजणींचे रिपोर्ट चांगले येत नाहीत, पण त्या वेळेत पोचलेल्या असतात आणि उपचार सुरू होतात.

दोन महिन्यांनी सुमनताई पुन्हा आल्या, फोन न करता. बरोबर जाऊबाई होत्या, पदर घट्ट लपेटून घेतलेला, मांडीवर पर्स पालथी.

"हिला सहा महिने अंगावर जातंय. काल रात्री मला बोलली," सुमनताई म्हणाल्या. "उद्या सोनोग्राफीला नेतेय. म्हटलं, आधी इथं बसू दे."

मी जाऊबाईंकडे वळले तशा सुमनताई उठल्या. "तुम्ही बोला. मी बाहेर बाकावर आहे."