चोक आत ढकलला की इंजिन बंद पडते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे फायबरची लहान होडी असून तिला दोन सिलिंडरचे, ९.९ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन आहे. खाडीत आणि किनाऱ्यालगत जाळी टाकण्यासाठी होडी वापरतो. पावसाळी मासेमारीबंदीत इंजिन काढून पडवीत ठेवले होते. ऑगस्टमध्ये पुन्हा बसवल्यापासून रोज सकाळी दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. कसेबसे सुरू झाले तरी चोक बाहेर असेपर्यंतच चालते, चोक आत ढकलला की लगेच बंद पडते. रेस वाढवून धरली तर मात्र चालत राहते आणि पूर्ण वेगात काहीच तक्रार नसते. दोन्ही प्लग नवे घातले, फरक पडला नाही. आता मेकॅनिक सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलायला सांगत आहेत. हा खर्च करावा का?
— एक वाचक, ता. देवगड

उत्तर : तूर्त करू नये. आपण जी लक्षणे लिहिली आहेत त्यांतच दोषाचा पत्ता बऱ्यापैकी मिळतो आणि तो विजेच्या बाजूला नसून पेट्रोलच्या बाजूला आहे.

चोक ओढल्यावर कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, येणारी हवा कमी होते आणि त्या प्रमाणात पेट्रोल जास्त ओढले जाते. जे इंजिन चोकवर चालते आणि चोक काढताच मरते, त्याला एरवी पुरेसे पेट्रोल मिळत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. सीडीआय बिघडला असता तर ठिणगी आलीच नसती, किंवा इंजिन तापल्यावर अथवा वेगात असताना अडखळले असते; चोक आत आहे की बाहेर याच्याशी त्याचा संबंध नसतो. काळ्या डबीत बंद असलेल्या, उघडून पाहता न येणाऱ्या भागावर संशय घेणे सोपे असते, म्हणून अशा प्रत्येक तक्रारीत त्याचे नाव पुढे येते.

पूर्ण वेगात इंजिन नीट चालते, हा आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी तपशील आहे. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलला दोन वाटा असतात : वेगासाठी मोठा जेट आणि मंद गतीसाठी अत्यंत बारीक छिद्राचा जेट. वेगात तक्रार नाही, त्या अर्थी टाकी, नळी, इंधनपंप आणि मोठा जेट हे सर्व काम करत आहेत. अडला आहे तो मंद गतीचा जेट किंवा त्याच्या पुढची बारीक वाट, आणि थंड इंजिन सुरू होणे प्रामुख्याने याच वाटेवर अवलंबून असल्यामुळे सकाळी दोरी ओढण्याचा त्रासही तिथूनच येतो.

ही वाट का अडली, याचे उत्तर पावसाळ्यात आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात कार्बोरेटरच्या वाटीत चार-दोन चमचे पेट्रोल राहून जाते. त्यातील उडून जाणारा अंश उडतो आणि मागे तेल व चिकट राळ उरते. त्यातच आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ओल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोक इंजिनात या थराची भीती अधिक असते, कारण आपण मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहते आणि तळाचा थर ओढला गेला तर सिलिंडरला वंगण मिळत नाही. म्हणून जूनपूर्वीचे पेट्रोल टाकीत शिल्लक असेल तर ते काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर ते इंजिनाला मुळीच देऊ नये.

कार्बोरेटर उघडण्यापूर्वी पाच मिनिटांची एक तपासणी करावी. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा असल्याची खात्री करून नळीवरील रबरी फुगा, त्यावरील बाण वरच्या दिशेला येईल असा धरून, दाबत राहावे. काही दाबांनंतर तो कडक झाला पाहिजे. कडक होतच नसेल तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा फुग्यातील झडप गेली आहे; इंजिन चालू असताना तो चपटा होत असेल तर टाकीत हवा जात नाही किंवा आतली जाळी तुंबली आहे; आणि दाबताना कार्बोरेटरमधून पेट्रोल गळू लागले तर वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी, तरंगत्या फ्लोटची सुई अडकली आहे. आपल्या इंजिनात यांपैकी काही आढळेल असे वाटत नाही, परंतु हे पाहण्यास खर्च नाही.

त्यानंतर वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल पारदर्शक भांड्यात घ्यावे. पाण्याचे थेंब किंवा तपकिरी कचरा दिसला की कार्बोरेटर काढून साफ करणे आलेच. मंद गतीच्या मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो आत हलकेच टेकेपर्यंत किती फेरे फिरतो हे मोजून लिहून ठेवावे, नाहीतर जुळवणी पुन्हा करताना नाकी नऊ येतील. जेटच्या छिद्रात सुई किंवा तार घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले तरी तो जेट कायमचा निकामी होतो. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून थोडा वेळ मुरू द्यावा आणि मग दाबाची हवा सर्व वाटांतून बाहेर येते की नाही ते पाहावे. जेटचा संच आणि गॅस्केट यांची किंमत सीडीआयच्या मानाने किरकोळ असते, त्यामुळे शंका असल्यास नवेच घालावे.

साफसफाईनंतर इंजिन किनाऱ्यावर कोरडे सुरू करून पाहण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाणी खेचणारा रबरी पंखा पाण्यावाचून काही क्षणांतच खराब होतो. पाणी घेण्याची जाळी पूर्ण बुडेल इतके गोडे पाणी पिंपात भरून त्यात इंजिन चालवावे. मीठही धुऊन निघते.

तेलाबद्दलही एक शब्द. बहुतेक टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिनांना ५०:१ हे प्रमाण, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मि.लि. तेल, सांगितलेले असते. आपल्या पुस्तिकेत वेगळे असेल तर तेच पाळावे. तेल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे, बोटीच्या इंजिनासाठीचे असावे. स्कूटरचे टू-टी तेल स्वस्त पडते, पण त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. पुढील वर्षी इंजिन ठेवताना नळी काढून, पिंपात चालू ठेवून वाटीतील पेट्रोल संपू द्यावे आणि इंजिन उभे ठेवावे.

प्रश्न : मी मालवणात पर्यटकांना किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगसाठी नेतो. सकाळी इंजिन एका दोरीत सुरू होते, पण अर्धा तास थांबून परत निघताना काही केल्या सुरू होत नाही. चोक ओढूनही उपयोग होत नाही. प्लग काढला तर पेट्रोलने ओला असतो.
— एक वाचक, मालवण

उत्तर : चोक ओढूनही नव्हे, चोक ओढल्यामुळेच. गरम इंजिनाला चोक लागत नाही. तो ओढल्याने सिलिंडर पेट्रोलने भरतो आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. होडी खडकांकडे वाहत जाऊ नये म्हणून आधी नांगर टाकावा. नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चोक आत ढकलावा, फुगा दाबू नये, रेस न्यूट्रलमध्ये जितकी उघडते तितकी उघडून दोरी ओढावी आणि इंजिनाने पकड घेताच रेस कमी करावी. तरीही सुरू न झाल्यास प्लग काढून कोरडे करावेत आणि लाल दोरीची सुरक्षा क्लिप काढून, म्हणजे ठिणगी बंद ठेवून, काही वेळा दोरी ओढून सिलिंडर मोकळे करावेत. प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ जोरात बाहेर पडते, त्यामुळे त्या वेळी होडीत कोणी विडी-सिगारेट ओढत नाही याची खात्री करावी.

चोकला हात न लावताही हाच त्रास होत राहिला, तर आधी इंजिन गरम असतानाच आणि पुन्हा थंड झाल्यावर ठिणगी तपासून घ्यावी. त्यासाठी दोन्ही प्लग टोपीत बसवून त्यांचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवावेत आणि भोकांपासून दूर ठेवावेत. टेकवले नाहीत तर सीडीआयला इजा होऊ शकते. थंडपणी निळी, ठसठशीत ठिणगी आणि गरमपणी अंधूक किंवा काहीच नाही, असा फरक दिसला तर कॉइल किंवा सीडीआय उष्णतेने दगा देत आहे आणि देवगडच्या वाचकांना नको असलेला तो खर्च आपल्याला करावा लागेल.