नव्या रक्तपिशवीची चाचणी घेण्याआधी

प्रिय,

डीईएचपी (प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ) नसलेल्या रक्तपिशवीत तांबड्या पेशी कशा टिकतात, हे तपासायचं काम तुझ्याकडे आलंय. आधी एक कर: पिशवीला नुसतं भांडं समजू नकोस.

पिशवीचं प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, मऊ राहतं ते प्लास्टिसायझरमुळे; डीईएचपी हा त्यातलाच एक. डीईएचपी त्याला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. साठवणीत ते हळूहळू झिरपतं, पेशीपटलात शिरतं आणि पेशी फुटणं कमी करतं. रुग्णाच्या शरीरात जाऊ नये असं वाटणारा हा पदार्थ पेशींना मात्र टिकवतो. म्हणून तो काढल्यावर हेमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) वाढेल, हे धरूनच चाल. बीटीएचसी, डीआयएनसीएच हे पर्यायी प्लास्टिसायझर आहेत, पण पिशवी एकटी तपासू नकोस, सोबतच्या पेशी टिकवणाऱ्या अ‍ॅडिटिव्ह द्रावणासकट तपास. एसएजीएम या द्रावणात उणी पडणारी पिशवी पीएजीजीएसएम या द्रावणात तग धरू शकते.

दात्यादात्यांच्या पेशींत बराच फरक असतो. तेव्हा एकाच रक्तगटाची दोन युनिट्स निर्जंतुक जोडणीने एकत्र मिसळ आणि निम्मी जुन्या, निम्मी नव्या पिशवीत भर. मोठ्या पिशवीत थोडंसं रक्त ठेवून पैसे वाचवायचा मोह टाळ; प्लास्टिकचं क्षेत्रफळ आणि रक्त यांचं प्रमाण बदललं की प्लास्टिसायझरचा डोस आणि वायूंची देवाणघेवाण दोन्ही बदलतात. साठवण २ ते ६ अंश सेल्सिअसला.

नमुना घेण्याआधी पिशवी हलक्या हाताने उलटसुलट कर, दोन्ही गटांत सारख्याच वेळा, कारण नियमित हलवण्यानेही हेमोलिसिस कमी होतं. नळीच्या तुकड्यातलं रक्त चालणार नाही. बारीक सुईतून जोरात ओढलंस तर पेशी तिथेच फुटतील आणि दोष पिशवीला जाईल.

हेमोलिसिसच्या हिशेबात हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) विसरू नकोस. एकूण हिमोग्लोबिन डेसिलिटरला २० ग्रॅम, वरच्या द्रवात मोकळं ०.२ ग्रॅम, हिमॅटोक्रिट ६० टक्के असेल, तर (१०० − ६०) × ०.२ ÷ २० = ०.४ टक्के. नुसता भागाकार केलास तर १ टक्का येईल आणि चांगली पिशवी नापास होईल! हेमोलिसिसची मर्यादा युरोपात ०.८ टक्के, अमेरिकेत १ टक्का.

साठवणीच्या ४२व्या दिवशीची सरासरी बघून खूश होऊ नकोस. प्रत्येक पिशवीचा आकडा बघ. एखादीच मर्यादेबाहेर गेली तर ती गाळण्याआधी जिवाणूंसाठी कल्चर लाव आणि ती फ्रिजच्या थंड भिंतीला चिकटून गोठली होती का, तेही तपास. कारण सापडलं नाही, तर तो आकडा अहवालात तसाच राहू दे.