एकाच मध्यम शहराबद्दल रहिवाशांची दोन टोकांची मते असतील, तर कोणाचे ऐकावे?

मध्यम आकाराच्या एका शहरात कुटुंबासह स्थायिक होण्याचा विचार करत असताना आपण तिथल्या रहिवाशांकडे चौकशी केली, तेव्हा काहींनी याहून सुखाची जागा शोधून सापडणार नाही असे सांगितले, तर काहींनी इथे आलात की अडकून पडाल असा इशारा दिला. यातले खरे काय मानायचे, असा आपला प्रश्न आहे. मी स्वतः बरीच वर्षे अशाच आकाराच्या शहरात राहत आहे आणि ही दोन्ही मते एकाच इमारतीत, कधी कधी तर एकाच घरात ऐकत आलो आहे. माझ्या मते दोन्ही बाजू खरेच बोलत असतात. ज्याच्या गरजा बहुसंख्य लोकांसारख्या असतात त्याला अशा शहरात सगळे हाताशी मिळते आणि ज्याची एखादी गरज विरळ असते त्याची तिथे कोंडी होते. त्यामुळे मत ऐकताना शहराबद्दल जेवढे समजते, तेवढेच ते मत देणाऱ्याच्या गरजांबद्दलही समजत असते.

जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी 1933 मध्ये मांडलेला विचार इथे फार उपयोगी पडतो. कोणतीही सेवा टिकून राहायची तर तिला किमान काही गिऱ्हाईक लागते आणि हे किमान प्रमाण प्रत्येक सेवेसाठी वेगळे असते. किराणा दुकान एका वस्तीच्या जोरावर चालते, दंतवैद्याला त्याहून मोठा परिसर लागतो आणि लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारे पथक उभे राहायला तर लाखोंची लोकसंख्या मागे असावी लागते. मध्यम शहर या उतरंडीत मधल्या पायरीवर असते. शाळा, महाविद्यालये, बँका, नेहमीच्या शस्त्रक्रियांची रुग्णालये तिथे पुरेशी असतात. त्यापलीकडच्या गोष्टी एकेकच असतात किंवा नसतातच. ‘एकच आहे’ याचा अर्थ नव्याने येणाऱ्याच्या लवकर ध्यानात येत नाही. सोयींची यादी करताना आपण ‘मूत्रपिंडविकारतज्ज्ञ उपलब्ध’ असे लिहून मोकळे होतो. पण हे तज्ज्ञ एकटेच असतील, तर ‘पुढील दोन आठवडे दवाखाना बंद’ ही दारावरची पाटी वाचून रुग्णाला दुसऱ्या शहराची वाट धरावी लागते आणि त्यांचे निदान पटले नाही तर दुसरा सल्ला घेण्याचीही सोय गावात नसते. ज्याच्या घरी असा आजार नाही त्याला ही उणीव वर्षानुवर्षे जाणवत नाही आणि तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो की आमच्याकडे वैद्यकीय सोयी उत्तम आहेत.

हेच तत्त्व नोकरीला लागू होते आणि तिथे त्याचा चटका सर्वांत जास्त बसतो. तिथे नोकरी मिळाली आहे, एवढ्यावर निर्णय घेऊ नये. ती सुटली तर त्याच शहरात त्याच कौशल्याला दुसरा मालक आहे का, हे आधी पाहावे. शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस, वीजतंत्री यांना बहुधा तो सापडतो. अगदी विशिष्ट क्षेत्रात काम करणाऱ्याला सापडत नाही आणि मग पगारवाढ मागतानाही त्याचा आवाज आपोआप खाली येतो. पती-पत्नी दोघेही आपापल्या क्षेत्रात मुरलेले असतील, तर अडचण दुपटीहून वाढते, कारण दोघांना एकाच गावात, एकाच वेळी, साजेसे काम मिळावे लागते. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान यांनी 2000 साली दाखवून दिले की पती-पत्नी दोघेही पदवीधर असलेल्या तिथल्या जोडप्यांपैकी मोठ्या महानगरांत राहणाऱ्यांचे प्रमाण 1940 मध्ये 32 टक्के होते आणि 1990 मध्ये ते 50 टक्क्यांवर गेले. यामागे दोघांच्या नोकऱ्या जुळवण्याचा हा पेच मोठ्या प्रमाणावर आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. माझ्या परिचयातील ज्या जोडप्यांनी शहर सोडले, त्यांतल्या बहुतेकांनी ते नाइलाजाने सोडले; शहर दोघांनाही आवडत होते, पण एकाच्या कामाचा मार्ग तिथे संपला होता.

मोठ्या शहराच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तिथे पैसा अधिक आहे, आणि ते खरे आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही मोजलेली आहे. लुईस बेटनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2007 च्या अभ्यासानुसार, दुप्पट लोकसंख्येच्या शहरात एकूण वेतन दुपटीहून थोडे जास्त असते आणि गंभीर गुन्हेही जवळजवळ त्याच चढत्या प्रमाणात आढळतात.

प्रवासाच्या वेळेबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण ‘कुठेही वीस मिनिटांत पोहोचतो’ हे वाक्य अशा शहरांची बाजू मांडताना सर्वाधिक वापरले जाते. ते वाक्य स्वतःचे वाहन असलेल्या माणसाचे असते. मध्यम शहरात प्रवासी कमी असल्यामुळे बसच्या फेऱ्या विरळ असतात. चाळीस मिनिटांनी एक बस असेल आणि वेळापत्रकाचा भरवसा नसेल, तर सरासरी वीस मिनिटे थांब्यावरच जातात. माझ्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची सोळा वर्षांची नात राहते. आजोबांचा दवाखाना, वाचनालय आणि मित्रमंडळी पायी जाण्याच्या अंतरावर असल्याने ते शहराचे गुण गातात. नातीचा क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि तो सुटायच्या आधीच शेवटची बस निघून जाते, म्हणून तिचे बाबा घ्यायला येईपर्यंत ती रोज जिन्यात बसून राहते. तिला हे शहर नकोसे वाटते, याचे मला नवल वाटत नाही. शिवाय इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये याकोव्ह झहावी यांच्या संशोधनाच्या आधारे मांडले होते की माणसे दिवसाकाठी साधारण एक तास प्रवासात घालवतात. वेग वाढला की वेळ वाचवण्याऐवजी ती अधिक दूर राहायला जातात. मध्यम शहरात नव्याने आलेली कुटुंबे मोठ्या घराच्या ओढीने वेशीबाहेर जागा घेतात आणि ज्या वाचलेल्या वेळासाठी ती आलेली असतात तोच वेळ रस्त्यावर घालवतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ओळखीपाळखीबद्दल थोडक्यात सांगतो. अडीअडचणीला चार माणसे धावून येतात आणि तीच चार माणसे आपल्या घरात काय चालले आहे याचीही खबर ठेवतात. घटस्फोट घेतलेल्या स्त्रीला किंवा व्यवसाय बुडालेल्या माणसाला या दुसऱ्या बाजूचा त्रास अधिक होतो, आणि तो त्रास किरकोळ समजू नये.

मत देणारा कोणत्या शहराशी तुलना करतो आहे, हेही विचारून घ्यावे. चार लाख वस्तीचे शहर आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या वर्गीकरणात मध्यम ठरते आणि चीनच्या 2014 च्या वर्गीकरणात लहान. माणसांचे मोजमापही असेच आपापल्या आधीच्या गावावरून ठरते. त्याचबरोबर आपण ज्यांना विचारले ते सगळे तिथे टिकलेले लोक आहेत. ज्यांचे जमले नाही ते निघून गेले आणि त्यांचे मत आपल्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. म्हणून माझा आग्रह आहे की आपल्याच क्षेत्रातील, आपल्याएवढीच मुले असलेल्या आणि ते शहर सोडून गेलेल्या दोन-तीन कुटुंबांचा शोध घ्यावा आणि शहर कसे आहे हे न विचारता, कोणत्या एका गोष्टीसाठी त्यांना वारंवार बाहेरगावी जावे लागत होते, एवढेच विचारावे. ती गोष्ट आपल्याला लागणारी नसेल, तर तक्रार करणाऱ्यांमुळे बेत बदलण्याचे कारण मला दिसत नाही. लागणारी असेल, तर घर विकत घेण्याआधी निदान एक वर्ष भाड्याने राहून पाहावे.