लातुरात जुन्या गल्लीतल्या घराच्या तळघराची माती काढायची आहे. कन्व्हेयर बेल्ट भाड्याने घ्यावा का?

जेसीबीला आत शिरायला वाट असेल तर बेल्टच्या भानगडीत पडूच नका. पण बोळ अरुंद, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती आणि खड्डा १० फूट खोल असेल, तर घमेली वर देत बसण्यापेक्षा बेल्ट केव्हाही बरा.

आधी लांबीचा हिशेब करा. गुळगुळीत बेल्ट साधारण २० अंशांच्या वर चढवला की माल मागे घसरतो. म्हणजे १० फूट उंचीसाठी जवळपास ३० फुटी बेल्ट आला. आडव्या पट्ट्यांचा बेल्ट ३० अंशांवरही माल धरतो, तिथे २० फुटांत भागतं. बोळात तोच मागा.

खरी डोकेदुखी आपली काळी माती. ओली झाली की पट्ट्यांच्या खाचांत लिंपून बसते, खाली येताना रोलरवर थर चढतो आणि बेल्ट एका बाजूला पळायला लागतो. पट्ट्यांमुळे तिथे स्क्रॅपर, म्हणजे बेल्टला चिकटलेली माती खरवडणारं पातं, तेही नीट चालत नाही. त्यामुळे वरचा थर पावसाआधीच उरका. मुरूम लागला की मग चिंता नाही.

भाडं ठरवताना टेम्पोचा खर्च, ऑपरेटर आणि लाईट नसलेल्या दिवसाचं भाडं कोणाकडे, हे लिहून घ्या. मोटर बहुधा थ्री फेज असते, घरच्या सिंगल फेज मीटरवर चालायची नाही.

आणि दोन्ही टोकांच्या रोलरला जाळी नसेल तर मशीन उतरवूनच घेऊ नका. साइटवर बायांचे पदर असतात, गड्यांच्या गळ्यात गमछे असतात.