आरजीबी बॅकलाइटसाठी तीन एलईडी नोंदवू नका

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: यूएसबी कीबोर्डच्या एचआयडी (कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांसाठीचं प्रमाण) ड्रायव्हरमध्ये आजवर एकरंगी बॅकलाइट होता, लिनक्सच्या एलईडी क्लासमध्ये (एलईडी हाताळणाऱ्या कर्नलच्या सामायिक चौकटीत) रीतसर नोंदवलेला. नव्या मॉडेलला आरजीबी आलाय. मग लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी नोंदवायचे, की सिसएफएसमध्ये (कर्नल आपल्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे) 'कलर' नावाची स्वतःची फाइल काढायची?

दोन्ही नको. कर्नल ५.९ पासून, म्हणजे २०२० पासून, मल्टीकलर एलईडी क्लास आहे आणि तो नेमका याच कामासाठी आहे. स्वतःची फाइल काढलीत तर मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारे) पहिल्याच उत्तरात तुम्हाला त्याच्याकडे पाठवतील. तीन एलईडींचा मार्ग निदान काम तरी करतो, पण त्याचं पुढे काय होतं ते प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक ४ या गेम कंट्रोलरमध्ये बघा. जुन्या सोनी ड्रायव्हरने त्याच्या लाइटबारचे रेड, ग्रीन, ब्लू आणि वर 'ग्लोबल' असे चार एलईडी नोंदवले. पुढे नवा प्लेस्टेशन ड्रायव्हर आला. त्यात ड्युअलसेन्स या नंतरच्या कंट्रोलरला मल्टीकलर मिळालं, पण ड्युअलशॉक ४ ला तेच चार एलईडी ठेवावे लागले, कारण त्या नावांवर विसंबलेलं युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) आधीच बाहेर होतं. सिसएफएसमध्ये एकदा दिलेलं नाव परत घेता येत नाही, तेव्हा वेळ घालवायचा तर नाव ठरवण्यात घालवा.

तीन एलईडींची रोजची कटकट वेगळीच. लालवरून जांभळ्यावर जायचं तर प्रत्येक घटकासाठी वेगळं लिहिणं, वेगळा यूएसबी रिपोर्ट (उपकरणाला जाणारा डेटाचा संच), आणि मधले रंग डोळ्यांना दिसतात. ट्रिगरही (एखाद्या घटनेवर एलईडी आपोआप बदलणारी सोय) प्रत्येक एलईडीला वेगळा लावावा लागतो.

आता मल्टीकलर. रंगाचं प्रमाण आणि एकूण उजेड या दोन गोष्टी इथे वेगळ्या ठेवल्यात. 'मल्टी_इंडेक्स' फाइल रंगांचा क्रम सांगते, 'मल्टी_इंटेन्सिटी'त त्याच क्रमाने प्रमाण लिहायचं, आणि 'ब्राइटनेस' नेहमीसारखाच. समजा इंटेन्सिटी २५५ १२० ० आहे, म्हणजे केशरीकडे झुकणारा रंग, आणि कमाल २५५ पैकी ब्राइटनेस ५१. प्रत्येक इंटेन्सिटीला ब्राइटनेसने गुणायचं, कमाल ब्राइटनेसने भागायचं: लाल ५१, हिरवा २४, निळा ०. उजेड पाचव्या हिश्शावर आला, प्रमाण तेच राहिलं. हे गणित स्वतः लिहू नका, 'एलईडी_एमसी_कॅल्क_कलर_कंपोनंट्स' ते करून प्रत्येक सबएलईडीच्या (एका रंगाच्या घटकाच्या) ब्राइटनेसमध्ये भरून देतं.

एक अपवाद. काही एलईडी कंट्रोलर चिप्सना उजेडाचं वेगळं रजिस्टर (चिपमधली मूल्य ठेवायची जागा) असतं. एलपी५०xx मालिकेतल्या आयटूसी बसवरच्या चिप्स तशा आहेत. त्यांचा ड्रायव्हर ब्राइटनेस एका रजिस्टरमध्ये टाकतो आणि इंटेन्सिटी जशीच्या तशी रंगांच्या रजिस्टरांत. तुमच्या कीबोर्डच्या रिपोर्टमध्ये रंगाच्या तीन बाइट्सशिवाय उजेडाची चौथी बाइट असेल तर तसंच करा. दोन्हीकडे गुणलंत तर कमी ब्राइटनेसवर जवळजवळ अंधार पडेल.

कोड फार नाही. तीन सबएलईडींचा ॲरे, प्रत्येकाला कलर_इंडेक्स आणि इंटेन्सिटी, मग 'डेव्हएम' वालं (उपकरण गेलं की आपोआप आवरणारं) मल्टीकलर नोंदणीचं फंक्शन. बहुतेक जण अडकतात ते सुरुवातीच्या इंटेन्सिटीवर. ॲरे शून्याने भरलेला असतो आणि तसाच नोंदवला की डेस्कटॉपवरचा बॅकलाइटचा स्लायडर हलवून काहीच पेटत नाही, कारण शून्याला कशानेही गुणा, शून्यच. स्लायडरला रंग माहीत नसतो, त्याला फक्त ब्राइटनेस कळतो. तिन्ही इंटेन्सिटी कमाल ठेवून नोंदवा, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमना निदान पांढरा उजेड मिळेल. उलट तक्रारही येते: मल्टी_इंटेन्सिटी लिहिली, तरी उजेड नाही. तिथे ब्राइटनेस शून्य असतो, तो बग नव्हे.

ब्राइटनेस बदलला की एलईडी कोअर तुमचं जे फंक्शन बोलावतो, तो कॉलबॅक 'ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग' हाच घ्या. साध्या 'ब्राइटनेस_सेट'मध्ये झोपता (थांबून वाट बघता) येत नाही आणि यूएसबीवर रिपोर्ट पाठवताना झोपावं लागतं. ब्लॉकिंग दिलंत की ट्रिगरकडून आलेली कामं एलईडी कोअर स्वतःच वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) ढकलतो. रिपोर्टचा बफर मात्र स्टॅकवर ठेवू नका, केमॅलॉकने (कर्नलकडून मेमरी मागणाऱ्या फंक्शनने) घ्या. हल्ली स्टॅक व्हीमॅप केलेला असतो, त्याच्यावर डीएमए (हार्डवेअरने मेमरी थेट वाचणं) चालत नाही.

काढून टाकतानाचा क्रमही तपासा. एलईडी अनरजिस्टर होताना कोअर आधी ब्राइटनेस शून्य करतो, म्हणजे तुमचा कॉलबॅक शेवटचा एकदा चालतो. 'डेव्हएम'ने नोंदवलंय तर हे तुमचं रिमूव्ह फंक्शन संपल्यावर घडतं, तोवर तुम्ही एचआयडी बंद करून बसलेले असता. एकतर रिमूव्हमध्ये 'आता बंद' असा फ्लॅग लावून कॉलबॅकमध्ये तो बघा, नाहीतर डेव्हएम सोडून हाताने अनरजिस्टर करा. मला दुसरं बरं वाटतं, वाचणाऱ्याला क्रम समोर दिसतो. शिवाय एलईडी_एचडब्ल्यू_प्लगेबल फ्लॅग लावा, म्हणजे केबल उपटल्यावर लॉगमध्ये उगाच एरर येणार नाही.

एलईडीच्या नावात 'केबीडी_बॅकलाइट' हवंच, यूपॉवर (डेस्कटॉपची वीज सांभाळणारी सेवा) त्यावरूनच कीबोर्ड ओळखतो. नव्या मॉडेलला नावातला रंगाचा मधला भाग 'आरजीबी' द्या. जुन्या एकरंगी मॉडेलच्या नावाला हात लावू नका. केकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या बिल्ड पर्यायांच्या फाइलमध्ये) मल्टीकलर क्लासवर 'डिपेंड्स ऑन' घाला, नाहीतर ड्रायव्हर बिल्ट-इन आणि क्लास मॉड्यूल असं जमलं की लिंकिंगला बोंब.

पॅच दोन करा: पहिल्यात जुना बॅकलाइटचा कोड वेगळ्या फंक्शनमध्ये, वागणूक तीच, दुसऱ्यात आरजीबी. पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, गेट_मेंटेनर स्क्रिप्टने पत्ते काढा, एचआयडी आणि एलईडी दोन्ही मेलिंग याद्यांना पाठवा.

हे सगळं पूर्ण कीबोर्डला एकच रंग आहे असं धरून. प्रत्येक कीला वेगळा रंग देता येत असेल तर शंभर एलईडी नोंदवायला जाऊ नका, मल्टीकलर क्लास त्यासाठी नाही. आधी कीबोर्ड एचआयडीचा लॅम्पअरे (प्रत्येक दिवा वेगळा हाताळण्याचं प्रमाण) बोलतो का बघा, त्याचं यूसेज पेज (एचआयडीतला गटक्रमांक) ०x५९. बोलत नसेल तर एचआयडीरॉवरून (प्रोग्रॅमला उपकरणाशी थेट बोलू देणाऱ्या वाटेने) ओपनआरजीबीसारख्या युजरस्पेस प्रोग्रॅमला ते काम करू द्या आणि ड्रायव्हरमध्ये फक्त एकूण उजेड ठेवा. रिपोर्ट डिस्क्रिप्टरचा (कीबोर्ड आपले रिपोर्ट कसे आहेत ते सांगतो त्या तक्त्याचा) डंप इथे टाकलात तर यातलं काय लागू आहे ते सांगता येईल.