विज्ञानसंवादातील वक्तृत्व आणि विश्वास या विषयात जळगावात राहून संशोधन करता येईल का?
होय, आणि खानदेशासारखे जिवंत क्षेत्र या विषयाला क्वचितच मिळेल. मन वळवण्याच्या साधनांत अ‍ॅरिस्टॉटलने युक्तिवाद व भावना यांच्याबरोबर वक्त्याचे चारित्र्यही मोजले होते. त्याचाच कस येथे लागतो: २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे जनुकबदलामुळे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या वाणाला, मान्यता मिळाली, पुढे गुलाबी बोंडअळी त्यातील विषाला दाद देईनाशी झाली, तेव्हा शास्त्रज्ञांचा पुढचा सल्ला कापूस उत्पादकाने कशाच्या बळावर मानावा, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. भाषाशास्त्र किंवा जनसंवादात एम.ए., मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पीएच.डी., असा मार्ग आहे. आपल्याला अहिराणी येत असेल तर मुलाखती तिच्यातच घ्या. प्रमाण मराठीत शेतकरी जी शंका गिळून टाकतो, ती तो आपल्या बोलीत मोकळेपणाने मांडतो.